तान्ह्या पोळ्याची बंडी आणि एकास दहाचा टेपर

विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. नागपुरात त्या दिवशी मारबती आणि बडग्यांचे पुतळे निघतात. आमच्याकडे खेड्यापाड्यांत लहान मुले चाकांचे लाकडी बैल सजवून मिरवायला नेतात. गावातील सुतार हे बैल तर करतोच, पण मागणी असेल तर त्यांच्यामागे जोडायला छोटी बंडी, म्हणजे बैलगाडीही करतो. साटी, जू, धुरा, चाकांचे पुठ्ठे आणि आरे हे सारे त्याचे काम. चाकाच्या तुंब्यातील (मधल्या लाकडी गाभ्यातील) पितळी बूश, म्हणजे आखावर फिरणारी नळी, आणि आखाची दोन लोखंडी टोके माझ्याकडे येतात, कारण घराच्या मागच्या खोलीत माझी छोटी लेथ, म्हणजे धातू फिरवत कापण्याचे यंत्र आहे. टोक सरळ गोल सळईचे असले की चाक लवकरच खिळखिळे होते आणि सुतार दारात येऊन म्हणतो, "भाऊ, चाक हालून राहिलं." म्हणून ही टोके मी खऱ्या बंडीप्रमाणे निमुळती करतो.

खऱ्या बंडीच्या लोखंडी आखाचे टोक निमुळते असते ते दिसण्यासाठी नव्हे. भार पडल्यावर आखावर सर्वांत जास्त ताण खांद्याशी, म्हणजे टोक सुरू होते त्या जागी येतो, आणि तिथेच जाडी जास्त हवी असते. शेवटाकडे तेवढ्या लोखंडाची गरज नसते. दुसरे कारण झिजेचे आहे. सरळ बूश झिजला की बदलण्यावाचून इलाज नसतो, पण निमुळता बूश झिजला तर खांद्याजवळची एक चकती काढून चाक थोडे आत सरकवता येते आणि ढिलाई कमी होते. खेळण्यातील बंडीला झिजेचा प्रश्न फारसा येत नाही, हे खरे. परंतु चाक डुगडुगू नये आणि अडकूही नये, ही दोन्ही कामे टेपरने, म्हणजे निमुळत्या उताराने, जितकी सहज साधतात तितकी सरळ सळईने साधत नाहीत.

माझ्या आखाच्या टोकाचे माप असे आहे : खांद्याशी व्यास ६ मिमी, शेवटी ४ मिमी, लांबी २० मिमी. व्यासातील फरक २ मिमी आणि लांबी २०, म्हणजे टेपर एकास दहा. लेथवर कंपाउंड स्लाईड (टूल धरणारा, हव्या कोनात वळवता येणारा सरकता भाग) वळवायची असते ती अर्ध्या कोनाने, आणि अर्ध्या कोनाची टॅन्जंट म्हणजे व्यासांतील फरक भागिले लांबीची दुप्पट. इथे ती ०.०५ येते, म्हणजे २ अंश ५२ मिनिटे. कोष्टक हाताशी नसेल तर टेपरला २८.६५ ने गुणावे; लहान कोनांसाठी उत्तर पुरेसे बरोबर येते.

पण हा आकडा काढून झाला की मी तो बाजूला ठेवतो. छोट्या टेपरच्या कामात कोन नेमका किती अंशांचा आहे याला फार महत्त्व नाही. आख आणि बूश या दोघांचा कोन एकच आहे की नाही, याला आहे. आख २ अंश ५० मिनिटांचा झाला आणि बूशही तितकाच झाला, तर चाक उत्तम फिरेल. आख अचूक झाला आणि बूश अर्ध्या अंशाने चुकला, तर २० मिमी लांबीत व्यासाचा फरक जवळजवळ ०.३५ मिमी पडतो, दोघे एकाच टोकाला टेकतात, आणि दुसऱ्या टोकाला चाक डुलत राहते. अर्धा अंश म्हणजे किती, हेही पाहण्यासारखे आहे. कंपाउंड स्लाईडच्या तळाचा व्यास साधारण ६० मिमी धरला तर तिच्या पट्टीवर एक अंश जेमतेम अर्धा मिमी रुंद असतो, म्हणून अर्धा अंश पाव मिमी. खूण-रेघेची जाडीच तेवढी असते. छोट्या लेथवरच्या अंशांच्या खुणांवर टेपर लावणे म्हणजे अंदाजाने लावणे होय.

त्यामुळे मी कोन मोजत नाही, चढ मोजतो. चकमध्ये (जॉब पकडून फिरवणाऱ्या जबड्यांत) एक सरळ घासलेला बार धरावा, टूलपोस्टमध्ये, म्हणजे टूल बांधायच्या जागी, डायल गेज (सूक्ष्म सरक दाखवणारे घड्याळी माप) बांधावा, आणि त्याची सुई बारच्या मध्यरेषेच्या उंचीवर, आडवी टेकेल असे पाहावे. आधी कॅरेज (स्लाईड वाहून नेणारा, लेथच्या लांबीने सरकणारा भाग) पुढेमागे करून बार समांतर आहे की नाही ते तपासावे. तीन जबड्यांचा चक बार थोडा तिरपा धरतो, तेव्हा चक अर्धा फेरा फिरवून पुन्हा वाचन घ्यावे आणि दोन्हींची सरासरी धरावी. त्यानंतर कॅरेज लॉक करून फक्त कंपाउंड स्लाईड ४० मिमी चालवावी. डायल गेजने २ मिमी दाखवले की एकास दहाचा टेपर लागला. बारकाईने पाहिले तर स्लाईड तिरप्या रेषेने चालत असल्यामुळे हा आकडा १.९९७५ असायला हवा, पण अडीच मायक्रॉनचा हा फरक आपल्या कामात कुठेही दिसत नाही. माझ्या लेथवर स्लाईडचा एक फेरा म्हणजे १ मिमी, तेव्हा चाळीस फेरे मोजावे लागतात. सुरुवातीचा बॅकलॅश (स्क्रूच्या आट्यांतील ढिलाई) त्याच दिशेने फिरवून आधी काढून टाकला नाही, तर ४० मिमीचा हिशेब पहिल्याच फेऱ्यात बिघडतो.

या प्रकारच्या लेथवर स्लाईड आवळण्याचे दोन स्क्रू तिच्याच खाली दडलेले असतात. स्लाईड मागे घेतल्याशिवाय ते दिसत नाहीत, आणि ते आवळताना कोन हमखास थोडा सरकतो. म्हणून दोन्ही स्क्रू अर्धवट आवळून ठेवावेत, स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलके टोले देत डायल गेजचा आकडा आणावा, मग आळीपाळीने आवळत जावे आणि पूर्ण आवळल्यावर पुन्हा एकदा मोजावे. हे काम कंटाळवाणे आहे, आणि म्हणूनच एकदा लागलेल्या कोनाला सगळे काम संपेपर्यंत हात लावायचा नाही, हा नियम मी पाळतो.

आता बूशकडे वळू. सहा मिमीच्या तोंडाच्या आणि चार मिमीच्या शेवटाच्या भोकात बोरिंग बार (भोक आतून कापणारे टूल) घालायचा तर तो तीन मिमीपेक्षा जाड असून चालत नाही, आणि इतका बारीक बार वाकतो, थरथरतो. तरीही ज्यांना बोरिंगच करायचे असेल त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. आखासाठी वळवलेली स्लाईड बूशच्या जवळच्या भिंतीवर उलटा उतार कापते. परंतु गोल बोरिंग बार होल्डरमध्येच अर्धा फेरा फिरवून त्याची धार पलीकडच्या भिंतीकडे आणि तोंड खाली केले, तर तेच सेटिंग बरोबर बसते. लेथ नेहमीच्याच दिशेने फिरते, त्यामुळे ज्या लेथांचा चक आट्यांवर बसतो त्यांचा चक सुटून येण्याची भीतीही राहत नाही. भोक मोठे असेल तेव्हा मी हीच पद्धत वापरतो.

लहान भोकासाठी मात्र डी बिटसारखे, म्हणजे अर्धी जाडी काढलेल्या सळईच्या घरगुती कापणीसारखे, साधन नाही. सिल्व्हर स्टीलच्या (तापवून कडक करता येणाऱ्या पोलादाच्या) सळईवर, आखासाठी लावलेल्या त्याच कोनात, आखासारखाच पण जरा लांब टेपर काढायचा. मग त्याची अर्धी जाडी कानशीने किंवा मिलिंगने काढून टाकायची, मात्र निम्म्यापेक्षा केसभर जास्त धातू राहू द्यायचा. निम्म्याच्या खाली गेले की तो आकाराने लहान कापू लागतो. त्यानंतर गॅसच्या ज्वालेवर सळई चेरीसारखी लाल होईपर्यंत तापवून पाण्यात उभी बुडवायची. हा रंग सावलीत पाहावा. आमच्याकडे मे महिन्याच्या दुपारी अंगणात तापवलेले लोखंड लाल झाले आहे की नाही हे डोळ्यांना कळतच नाही, आणि सळई जास्त तापून जाते. पाण्यातून काढल्यावर ती घासून चकचकीत करावी आणि फिकट गवती रंग येईपर्यंत, म्हणजे साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअसपर्यंत हलकेच पुन्हा तापवावी. शेवटी फक्त सपाट बाजू तेलाच्या दगडावर घासायची. गोल बाजूला दगड लावू नये, कारण आखाचा कोन तिच्याच अंगावर उतरलेला असतो. दोन-चार पितळी बूश करायचे असतील तर कडक न केलेला डी बिटही काम भागवतो, पण चाके पुष्कळ असली की त्याची धार बसते.

बूशचे पितळ बारच्या रूपात मिळते ते भांड्यांच्या पितळापेक्षा वेगळे असते. भंडाऱ्याची पितळी भांडी प्रसिद्ध आहेत, पण ते पितळ ठोकून पसरण्यासाठी असते, आणि लेथवर त्याचा कीस लांब, चिवट निघतो. लेथसाठीच्या पितळात थोडे शिसे मिसळलेले असते, त्यामुळे कीस तुकड्यातुकड्यांनी सुटतो आणि भोक स्वच्छ येते. याच शिशामुळे बूश मी तुंब्याच्या लाकडात पूर्ण बुडवतो आणि लहान मूल तोंडात घालील अशी कोणतीही वस्तू या पितळातून करीत नाही.

आधी ३.९ मिमीचे भोक आरपार पाडावे, मग डी बिट टेलस्टॉकच्या (चकसमोरच्या, सरकत्या आधाराच्या) ड्रिल चकमध्ये धरून अगदी सावकाश आत घालावा आणि दर थोड्या वेळाने बाहेर काढून साफ करावा, कारण कीस साठायला त्यात जागाच नसते. डी बिटवर एक कॉलर स्क्रूने आवळून ठेवली की प्रत्येक बूश सारख्याच खोलीचा होतो, आणि मग कोणतेही चाक कोणत्याही आखावर बसते. सुताराला हे फार आवडते, कारण रंगकाम झाल्यावर चाकांच्या जोड्या लावत बसावे लागत नाही.

आखाच्या बाजूला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात, आणि त्या दोन्ही लहान व्यासांत जास्त जाचक होतात.

पहिली म्हणजे टूलची उंची. टूलचे टोक मध्यरेषेच्या वर किंवा खाली असेल तर टेपर खरा शंकू राहत नाही. टूल अर्धा मिमी खाली आहे असे धरू. आपल्या आखाच्या दोन टोकांतील फरक २ मिमी यायला हवा, तो १.९६ येतो आणि मधला भाग किंचित खोलगटही होतो. चाळीस मिमी व्यासाच्या जॉबवर हीच चूक कुणाच्या लक्षातही येणार नाही. डी बिट ज्या उंचीच्या टूलने कापला त्याच टूलने, त्याच उंचीवर आख कापले तर दोघांची चूक सारखी राहते. पण मध्येच टूल बदलून दुसऱ्या उंचीचे बसवले, तर स्लाईडला हात न लावताही कोन बदलतो. उंची तपासायला स्टीलची पातळ पट्टी टूलचे टोक आणि गोल बार यांच्यामध्ये हलकी दाबून धरावी. पट्टीचे वरचे टोक आपल्याकडे झुकले तर टूल खाली आहे, पलीकडे झुकले तर वर आहे. त्यापेक्षा पक्की खात्री बारच्या तोंडावर फेसिंगचा (तोंड सपाट करणारा) कट घेऊन होते : मधोमध बोंड उरले नाही की उंची बरोबर.

दुसरी गोष्ट म्हणजे सळईचे वाकणे. खांद्यापासून जितके दूर जावे तितके वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे चार मिमीच्या टोकाला टूल सळईला ढकलून देते आणि तो भाग ठरल्यापेक्षा जाड राहतो. परिणामी टेपर लावलेल्या कोनापेक्षा कमी उताराचा होतो, आणि बूश बसवून पाहिले की फक्त शेवटच्या टोकाला टेकतो. यावर उपाय साधेच आहेत : एचएसएसचे (हाय स्पीड स्टीलचे) टूल चांगले धार करून, नाक अगदी बारीक ठेवून वापरावे, शेवटचे कट हलके घ्यावेत, आणि सर्वांत शेवटी क्रॉस स्लाईड न हलवता तोच कट पुन्हा एकदा-दोनदा फिरवून घ्यावा. टेलस्टॉकचे सेंटर लावले तर आधार मिळतो खरा, पण वळवलेल्या कंपाउंड स्लाईडची मूठ टेलस्टॉकवर आपटते. टेलस्टॉक मागे ठेवून त्याचा बॅरल लांब बाहेर काढला तरच जागा होते. वीस मिमीच्या टोकासाठी मी सेंटर लावत नाही.

या लेथच्या कंपाउंड स्लाईडला यांत्रिक फीड नसते, तेव्हा दोन्ही हातांनी मूठ एकसारखी फिरवावी लागते. एका हाताने फिरवले तर प्रत्येक फेऱ्यात हात बदलतो तिथे रेघ उमटते. स्लाईडची गिब (ढिलाई काढणारी पट्टी) जरा घट्ट ठेवावी आणि कॅरेज लॉक केलेली असावी. मोटार मिनिटाला १२०० ते १५०० फेऱ्यांवर ठेवली की लोखंडाच्या सहा मिमीच्या बारला पुरेसा वेग मिळतो. आमच्या गावात शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज पडते आणि फेरे कमी-जास्त होऊ लागतात, म्हणून शेवटचा कट पंप बंद असतानाच घेणे बरे.

माप घेण्याचा भाग मला या सगळ्या कामात सर्वांत आवडतो, कारण टेपर स्वतःच स्वतःचे माप देतो. आख ठरल्यापेक्षा जाड असेल तर बूश खांद्यापर्यंत न पोहोचता मध्येच थांबतो. एकास दहाच्या टेपरमध्ये खांदा आणि बूश यांच्यात ३ मिमीची फट राहिली असेल, तर व्यासात अजून ०.३ मिमी काढायचे आहे. फट व्हर्नियरने मोजली की मायक्रोमीटर हातात घ्यायची गरज उरत नाही, आणि निमुळत्या जागी मायक्रोमीटरचे जबडे तसेही नीट टेकत नाहीत. फक्त आपल्या क्रॉस स्लाईडची डायल व्यास दाखवते की त्रिज्या, हे माहीत असले पाहिजे. नाहीतर एकाच फिरवणीत दुप्पट धातू निघून जातो.

कोन जुळला आहे की नाही हे पाहायला आखावर लांबीच्या दिशेने मार्करच्या तीन रेघा सारख्या अंतरावर ओढाव्यात, बूश हलका दाबून पाव फेरा फिरवावा आणि काढून पाहावे. रेघा सगळ्या लांबीभर पुसल्या गेल्या तर काम जमले. फक्त जाड टोकाला पुसल्या तर आखाचा उतार बूशपेक्षा जास्त आहे. फक्त बारीक टोकाला पुसल्या तर कमी आहे. खरा आकडाच हवा असेल तर जुन्या बेअरिंगमधले दोन सारखे रोलर आखाच्या दोन्ही बाजूंना ठेवून माप घ्यावे, मग त्याच रोलरांखाली १० मिमीचे दोन सारखे चौकोनी टूल बिट ठेवून पुन्हा घ्यावे. आख बारीक टोक खाली करून सपाट फरशीवर उभा असेल तर दोन मापांत १ मिमीचा फरक आला पाहिजे.

बूश आख पूर्ण पकडतो तिथेच चाक ठेवले तर ते फिरणार नाही. टेपर पाचर होऊन बसतो. चाक फिरण्यासाठी खांद्याजवळ अर्ध्या मिमीची पितळी चकती घालावी. एकास दहाच्या हिशेबाने चाक अर्धा मिमी बाहेर आले की व्यासात ०.०५ मिमीची सैल जागा मिळते, आणि ग्रीसच्या एका बोटाला तेवढी पुरते. चकती जाड-पातळ करून चाक किती सहज फिरावे हे ठरवता येते.

टेलस्टॉक बाजूला सरकवून टेपर काढण्याची पद्धतही आहे, पण इतक्या आखूड कामासाठी मी तिच्या वाटेला जात नाही, कारण टेलस्टॉक पुन्हा सरळ आणण्यात अर्धा दिवस जातो. वर्ध्याकडे अजून चरखा चालवणारे आहेत. त्यांच्या चातीसारखी (सूत गुंडाळणाऱ्या सळईसारखी) लांब, बारीक वस्तू करायची असेल तर कंपाउंड स्लाईडची चाल पुरत नाही आणि तीच पद्धत धरावी लागते. टेपर सबंध लांबीभर असेल तर टेलस्टॉक व्यासांतील फरकाच्या निम्म्याने सरकवायचा; अर्ध्याच लांबीत टेपर हवा असेल तर त्याच्या दुप्पट. ज्या छोट्या लेथांचा हेडस्टॉकच (चक फिरवणारा भाग) वळतो त्यांना हा त्रास नाही.

उरली चाक अडकवण्याची खीळ. आखाच्या शेवटी आडवे भोक पाडून तिथे टेपर पिन ठोकली की मुलांच्या हाताने ती सहज निघत नाही. या पिनांचा टेपर एकास पन्नास असतो आणि तिचे नाव ज्या मापाने चालते तो बारीक टोकाचा व्यास असतो, म्हणजे भोक त्याच मापाचे पाडून टेपर रीमर (भोक निमुळते करणारे टूल) फिरवायचा. याच डायल गेजच्या पद्धतीने ४० मिमीला ०.४ मिमीचा चढ लावून पिना घरीही करता येतात, पण बाजारात त्या डझनाने मिळतात आणि रीमरही मिळतो, तेव्हा त्या विकतच घ्याव्यात. आखाचे आडवे भोक मात्र टेपर काढण्याआधी, बार सरळ आहे तोपर्यंत पाडावे. तिरप्या अंगावर बारीक ड्रिल बाजूला घसरते.